मोटर मागवण्याआधी गणित मांडा

दुर्बीण मोटरने फिरवण्यासाठी ऑनस्टेप हे नियंत्रक सॉफ्टवेअर निवडलंत ते उत्तम केलंत, ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर ते छान चालतं. पण मोटर मागवण्याआधी कागदावर हिशेब करा. फेऱ्याला 200 स्टेपची मोटर, 16 मायक्रोस्टेप (एका स्टेपचे 16 बारीक भाग) आणि 144 दात्यांचं वर्म व्हील (वर्म या स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) धरलं, तर दुर्बिणीच्या अक्षाच्या एका फेऱ्याला 4,60,800 पावलं पडतात. एक पाऊल साधारण 2.8 आर्कसेकंदांचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग). नुसतं बघायला पुरे, फोटोसाठी जाडंभरडं. मध्ये 1:3 पट्टा-पुली घातलीत की ते 0.94 वर येतं.

वर्मची ढिलाई मात्र आधी हातानेच तपासा. अक्ष धरून हलकेच हलवा. टकटक जाणवली तर वर्म किंचित जवळ घ्या, पण पूर्ण फेऱ्यात कुठे अडकता कामा नये. सॉफ्टवेअर हा दोष पुरता झाकत नाही.

आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढू नका, मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, जळू शकतो.