पैसे तुमचे आहेत, दुपारही तुमची असू द्या

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांची. कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. मागच्या दिवाळीत आमच्या १९९९ च्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. शाळेत मी हुशार मुलींत होते. ऑफिसबाहेरच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहायचे. त्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून ओळख करून द्यायची होती. कुणी तलाठी, कुणी नर्स, माझ्या बाकावरची मैत्रीण आता ज्युनियर कॉलेजला शिकवते. माझी पाळी आली तेव्हा 'मी घरीच असते' एवढंच बोलून खाली बसले. दहावीला ७१ टक्के होते. पण कॉलेज लांब, एसटीची वेळ जुळेना, विसाव्या वर्षी लग्न झालं. ब्लाऊज शिवून, फॉल-पिको करून ३८ हजार साठवलेत. गल्लीतल्या बायकांची भिशीही मीच चालवते. आता बारावी करावी असं फार मनात आहे. शहरातला एक क्लास 'सहा महिन्यांत बारावी, नोकरीची हमी' म्हणून ३० हजार मागतोय. नवरा म्हणतो, या वयात शिकून काय कलेक्टर होणार? सासूबाई म्हणतात, पोरीच्या लग्नाला ठेव. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे. स्वतःवर एवढा खर्च करायची मलाच लाज वाटते. काय करू?
– फळ्यावरची मुलगी

प्रिय मैत्रिणी,

आधी एक काम करा. त्या क्लासला पैसे देऊ नका. नोकरीची हमी कुठलाही क्लास देऊ शकत नाही आणि सहा महिन्यांत बारावी देणारं मंडळ कोणतं, हे ते आधी सांगत नाहीत. बोगस मंडळांची प्रमाणपत्रं घेऊन फसलेली माणसं कमी नाहीत. तुमचे ३० हजार म्हणजे किती ब्लाऊज, किती रात्री, हे तुम्हाला माहीत आहे. ते असे घालवायचे नाहीत.

पण बारावी मात्र करायची. यात मला जराही शंका नाही.

'मी घरीच असते' हे वाक्य मी तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा वाचलं. शिवणाचं गिऱ्हाईक सांभाळणारी, पै-पै जमवणारी, गल्लीचा भिशीचा हिशेब चोख ठेवणारी बाई चारचौघांत एवढंच सांगते, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तुम्हाला टोचलं ते मैत्रिणींचं यश नव्हे, असं मला वाटतं. शाळेतली ती मुलगी तुम्हाला आठवली. रोज सकाळी परिपाठाच्या आधी खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहणारी, जिचं अक्षर बघायला बाकीच्या वर्गातली पोरं थांबायची. तिचं पुढं काय झालं, हे तुम्हालाच कुणाला सांगता येईना. शाळेच्या आठवणींवर आपण हसतो-रडतो आणि ग्रुपवर फोटो टाकून मोकळे होतो. तुम्ही तसं केलं नाहीत, पत्र लिहिलंत. हे फार चांगलं केलंत.

आता लाजेबद्दल. तुमच्याच तालुक्यातल्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. सातारा जिल्ह्यात ही गोष्ट ऐकली नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि ती ऐकताना आपले हात आपोआप जोडले जातात. जोडायलाच हवेत. पण बाईनं दुसऱ्याच्या शिक्षणासाठी सोनं दिलं की ती माउली, आणि स्वतःच्या शिक्षणासाठी घामाचे चार पैसे काढले की ती हौशी, हा हिशेब मला मान्य नाही. ज्या बाईनं दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवायला एवढं दिलं, तिला तुमच्या शिकण्यात लाजेचं काही वाटलं असतं का? आणि वयाचं म्हणाल, तर ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांच्यापुढं तुमचं वय ते काय!

मार्ग सांगते. राज्य मंडळाकडूनच खाजगीरित्या बारावीला बसता येतं. त्याला फॉर्म नंबर १७ म्हणतात. कला आणि वाणिज्य शाखेला ही सोय आहे. तुमचा जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि जवळचं एखादं कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचं असतं. फी त्या क्लासच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. कराडमध्ये कुठलं कॉलेज घ्यावं, हे तुमच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारा. ती त्याच क्षेत्रात आहे, तुम्हाला दारोदार फिरावं लागणार नाही. तिला फोन करायला संकोच वाटेल. तरी करा.

यंदा मात्र घाई नको. मुलीची बारावी होऊ द्या. त्या अवधीत शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला बघा. हरवला असेल तर दुय्यम प्रत निघते, पण त्याला वेळ लागतो. दाखल्यावर नाव माहेरचं असेल, फॉर्मवरही तेच ठेवा, नाहीतर नाव बदलल्याचे कागद जोडत बसावं लागेल. पुढच्या वर्षी मुलीची पुस्तकं रिकामी होतील. एखादं कमी पडलं तर बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. शाखा वाणिज्यच घ्या, असं मी आग्रहानं म्हणेन. तुम्ही भिशी चालवता. कुणाचे किती आले, कुणाचा नंबर लागला, कुणाचं थकलं, हे वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या बाईला पुस्तपालन आणि लेखाकर्म हा विषय परका वाटायचा नाही. जमा आणि नावे तुमच्या हातात आधीच आहे, पुस्तकात फक्त त्याची रीत शिकायची.

उरलेल्या पैशातले थोडे नंतर टॅलीच्या, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायला शिकवणाऱ्या साध्या क्लाससाठी बाजूला ठेवा. सगळे संपवू नका. सासूबाईंचं अगदीच चुकतं असं नाही, गाठीला काही असावं. पण मुलीच्या लग्नाचं निमित्त मला पटत नाही. आई अभ्यास करताना दिसली तर त्या मुलीला जे मिळेल, ते लग्नातल्या एका दागिन्यापेक्षा नक्कीच जास्त.

नोकरीचं खरं सांगते, कारण खोटी आशा लावणं मला जमत नाही. राज्य सरकारी नोकरीला वयाची अट सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तो रस्ता तुम्ही धरू नका. गावातली दुकानं, कृषी सेवा केंद्र, बचत गट, कुणाला ना कुणाला हिशेब लिहिणारं माणूस लागतं. तिथून सुरुवात होऊ शकते. आणि पुढं वाटलं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. घरून करता येते. ते विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते तुमच्यासारख्या, मध्येच शाळा सुटलेल्या माणसांसाठीच.

राहता राहिला तुमचा नवरा. तुम्ही त्यांच्याकडे पैशाची परवानगी मागितलीत, ती मागायची गरज नव्हती, पैसे तुमचेच आहेत. मागायला हवा आहे तो वेळ. शिवणकाम, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं यातून अभ्यासाला रोज दोन तास कुठून काढणार, हे ठरल्याशिवाय फॉर्म भरून उपयोग नाही. घरातल्यांना खर्च डाचतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक घरांत खरं अवघड जातं ते चहा वेळेवर न मिळणं. म्हणून 'मी शिकू का' असं विचारू नका. 'दुपारी दोन ते चार मी अभ्यासाला बसणार, तेवढा वेळ मला हाक मारू नका, चारचा चहा माझ्याकडे लागला' असं सरळ सांगा. कलेक्टरच्या बोलण्याला उत्तर देत बसू नका. दुपारी पुस्तक उघडून बसा. पंधरा दिवस बसलात की घराला सवय लागेल. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात नवी शिवणं घेऊ नका. गिऱ्हाइकांना आत्तापासून सांगून ठेवा, नेहमीच्या बायका थांबतात.

इंग्रजीची भीती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती असणार. रोज अर्धा तास मुलीच्या पुस्तकातला उतारा मोठ्यानं वाचा, अडलेला शब्द तिलाच विचारा. पास व्हायला ३५ गुण पुरतात. आणि एखादा पेपर राहिलाच, तर पुरवणी परीक्षा काही महिन्यांतच असते. तेव्हा फक्त तेवढाच विषय द्यायचा, सुटलेले विषय सुटलेलेच राहतात.

तुमची,
ताई