जवळपास ४० हजार फोटो साठलेत. फोल्डर कसे करावेत आणि फाइलींना नावं कशी द्यावीत?

दोन-तीन जुने मोबाइल, एक कॅमेरा, व्हॉट्सॲपवर आलेले, गूगल फोटोजवरून उतरवलेले आणि घरच्या जुन्या आल्बमचे स्कॅन, असे पंधरा वर्षांचे फोटो आहेत असं तुम्ही लिहिलंय. इतक्या ठिकाणचे फोटो असतील तर माझं पहिलं सांगणं हेच, की नावांना इतक्यात हात लावू नका. नाव तारखेवरून द्यायचं असतं, आणि यातल्या बऱ्याच फाइलींची तारीख चुकीची असणार. आधी नाव दिलंत तर ती चूक नावात पक्की होते.

सगळं एका डिस्कवर आणा, पण जिथून आलं त्याप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवा: कॅमेरा, अमुक मोबाइल, व्हॉट्सॲप, गूगल, स्कॅन. सरासरी ४ एमबी धरली तर ४० हजार फोटो म्हणजे १६० जीबी. व्हिडिओ वेगळे. डिस्कवर किमान दुप्पट जागा मोकळी असू द्या, कारण तारखा दुरुस्त करायला एक्झिफटूल नावाचा जो प्रोग्रॅम वापरायचा, तो बदललेल्या प्रत्येक फाइलीची मूळ प्रत शेजारी ठेवतो. मोबाइलवरचं आणि गूगलवरचं अजून काहीही पुसू नका.

मग डुप्लिकेट. ते शोधायला डुपगुरू किंवा डिजिकॅम हे प्रोग्रॅम आहेत, दोन्ही मोफत. पहिल्या फेरीत फक्त तंतोतंत सारख्या फाइली काढा, त्यात धोका नाही. ‘दिसायला सारखे’ हा पर्याय दुसऱ्या फेरीत, आणि तेव्हा नजर ठेवून. तिथे एकच फोटो मूळ आणि व्हॉट्सॲपवरून परत आलेला असा दोनदा सापडेल. त्यातली मोठी, कॅमेऱ्याची माहिती असलेली फाइल ठेवायची. कॅमेऱ्यात रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपीजी दोन्ही घेत असाल तर ती जोडी आहे, डुप्लिकेट नव्हे.

आता खरं काम, तारखा. फोटो घेतल्याची वेळ फाइलीच्या आत, एक्झिफ माहितीत असते. विंडोजमध्ये दिसणारी ‘मॉडिफाइड’ तारीख फाइल बदलल्याची किंवा उतरवल्याची असू शकते, तिच्यावर विसंबू नका.

कॅमेऱ्याचं घड्याळ कुणीतरी लावावं लागतं. बॅटरी बराच काळ संपून राहिली की ते मूळ तारखेवर जातं, आणि परदेशी गेल्यावर मोबाइल आपोआप वेळ बदलतो तरी कॅमेरा भारतीय वेळेवरच राहतो. एकाच क्षणाचा मोबाइलचा आणि कॅमेऱ्याचा फोटो शोधा, दोहोंतला फरक मोजा आणि त्या सहलीच्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंना एक्झिफटूलने तेवढं पुढे-मागे सरकवा. एकेक फोटो दुरुस्त करत बसायची गरज नाही.

व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि आतली माहिती काढून टाकतं. अँड्रॉइडवर नावात आठ आकडी तारीख आणि पुढे ‘डब्ल्यूए’ क्रमांक असतो, पण ती तारीख फोटो आला त्या दिवसाची. काकांनी लग्नाचे फोटो महिन्याने पाठवले तर लग्न महिनाभर पुढे जाणार. एक्झिफटूल नावातली तारीख वाचून आत लिहू शकतं. वेळ मात्र मिळत नाही. हे फोटो वेगळ्याच फोल्डरात राहू दिले तरी चालेल. इथून पुढे महत्त्वाचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे मूळ फाइल येते.

गूगल टेकआउटमधून, म्हणजे गूगलवरचा आपला साठा उतरवून घ्यायच्या सोयीतून, आलेल्या फोटोंसोबत जेसन नावाच्या माहितीच्या छोट्या फाइली येतात. गूगल फोटोजमध्ये तुम्ही हाताने दुरुस्त केलेली तारीख त्या जेसनमध्ये असते, फोटोच्या आत नाही. त्यामुळे त्या फाइली निरुपयोगी समजून पुसू नका. पण त्यांतली वेळ यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ असते. साडेपाच तास मिळवले नाहीत तर रात्री १२ ते पहाटे ५.३० मधला प्रत्येक फोटो आदल्या दिवशी जाऊन बसतो.

हाच घोळ व्हिडिओंचा. बहुतेक मोबाइल एमपी४ फाइलीत यूटीसी लिहितात, फोटोत मात्र स्थानिक वेळ. आरतीचा फोटो १८:४२ चा आणि त्याच आरतीचा व्हिडिओ १३:१२ चा दिसला तर दुसरं कारण शोधायला नको. व्हिडिओंना वेगळं, ५ तास ३० मिनिटांनी पुढे सरकवा.

स्कॅनच्या आत स्कॅन केल्याची तारीख असते. मूळ तारीख ठाऊक नसेल तर वर्ष ठरवा, त्या वर्षाची १ जानेवारी आत लिहा आणि कॅप्शनमध्ये ‘अंदाजे’ लिहा. फोटोत गणपतीची आरास असेल आणि वर्ष माहीत असेल तर जुन्या पंचांगातून चतुर्थीची तारीख मिळते. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा.

एवढं झालं की नाव देणं हे काही मिनिटांचं काम. माझ्या मते नावात फक्त वेळ आणि मूळ क्रमांक असावा: २०१७०८२५_१८४२०७_४५१२, म्हणजे २५ ऑगस्ट २०१७, संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंद. कॅमेऱ्याचा चार आकडी क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो, म्हणून नुसता तो ठेवला तर एकाच नावाचे दोन फोटो होतात. पण वेळेमागे तो हवाच: एका सेकंदात घेतलेले पाच फोटो त्यानेच वेगळे राहतात. प्रसंगाचं किंवा माणसांचं नाव फाइलीत घालू नका. एका फोटोत सहाजण असले तर कुणाकुणाची नावं घालणार?

फाइलीच्या नावातले अंक इंग्रजीच टाइप करा. देवनागरी अंक संगणकाला वेगळी अक्षरं असतात, त्यामुळे दोन्ही मिसळले की क्रम बिघडतो. इथे मी केवळ वाचायला म्हणून देवनागरीत लिहिलेत.

फोल्डरचं वर्णन मराठीत चालेल: वर्षाचा फोल्डर, त्यात ‘२०१७-०८-२५ गणपती’. तारीख पुढे हवी, कारण सण दरवर्षी सरकतो आणि नुसत्या ‘गणपती’ नावाचे दहा फोल्डर काही सांगत नाहीत. मराठी टाइप करायला नेहमी एकच कीबोर्ड वापरा. ‘ॲ’ हे अक्षर एका कीबोर्डवर एकसंध येतं, दुसऱ्यावर ‘अ’ आणि चंद्र अशा दोन तुकड्यांत. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण ‘ॲनिव्हर्सरी’ शोधली तर निम्मे फोल्डर सापडत नाहीत. तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही.

माणसं आणि गावं टॅगमध्ये, म्हणजे फोटोला जोडायच्या शोधशब्दांत घाला. डिजिकॅममध्ये टॅग फाइलीच्या आत लिहायची सेटिंग चालू आहे ना, हे आधी पाहा. नाहीतर ते त्याच प्रोग्रॅमच्या यादीत राहतात आणि संगणक बदलला की जातात. चाळीस हजारांना टॅग लावत बसू नका. आजी-आजोबा, मुलं, गावचं घर, एवढ्यापासून सुरू करा. फोटो सांभाळायला लाइटरूम हा प्रोग्रॅम वापरत असाल तर नावं लाइटरूममधूनच बदला. बाहेरून बदललीत तर त्याला फोटो सापडत नाहीत.

हे सगळं आधी शंभर फोटोंच्या प्रतीवर करून पाहा. नव्या मांडणीच्या दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी, तयार होईपर्यंत पहिला गोळा केलेला साठा तसाच राहू द्या.