टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही आणि डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत. काय करू?

ताई, थायरॉईडची गोळी नियमित घेऊनही थकवा जात नाही आणि डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावतात, हे तुमचं वाचलं आणि वाटलं, तुम्ही आमच्याच दवाखान्यात जाता की काय!

मी अमळनेरची. तपासणीला गाडीने जळगाव गाठायचं, नंबर लावायचा, मधेच एखादा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, बॅग घेऊन आत घुसणार. आपली पाळी आली की डॉक्टरांची नजर रिपोर्टवरून वरून खाली सरकते. लॅबवाले रेंजबाहेरचा आकडा ठळक छापतात ना, तो दिसला नाही की कागद परत आपल्या हातात. "छान आहे, हाच डोस चालू ठेवा." केस गळतायत म्हणून सांगायला तोंड उघडावं, तर कंपाउंडरने पुढचं नाव पुकारलेलं. घरी सासूबाईंचं वेगळंच, "तुले काय व्हयनं? धडधाकट ते दिखस!"

राग येणारच. पण "बरं वाटत नाही" हे वाक्य दवाखान्यात वाया जातं. त्याऐवजी चिठ्ठीवर लिहून न्या आणि थेट विचारा, "जिना चढताना धाप लागते, पाळीत अंगावरून जास्त जातं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायचं का? व्हिटॅमिन बी१२, डी?" असं विचारलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. टीएसएच जागेवर असेल तर थकव्याचं कारण दुसरीकडेही असू शकतं, आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणं काय नवीन आहे? सगळं थायरॉईडच्या नावावर खपून जातं.

लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती आणि थायरॉईडची यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. मला हे मेडिकलवाल्याने सांगितलं, डॉक्टरांनी नाही! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, चहा किमान अर्ध्या तासाने. उठल्याउठल्या चहा लागणाऱ्या घरात हे अवघडच. बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवत असाल तर हलवा. उष्णतेने आणि दमटपणाने हे औषध कमजोर होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो.

एक मात्र डॉक्टरांच्या बाजूने बोलते. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी तपासून हाती काही लागत नाही. मनाने डोस वाढवू तर अजिबात नका, छातीत धडधड सुरू होते.

चिठ्ठी वाचूनही ते हसण्यावारी नेत असतील तर सरळ डॉक्टर बदला, जमलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे तज्ज्ञ डॉक्टर, गाठा. जुने रिपोर्ट तारखेने लावून न्या. आणि दिवस गेले तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच कळवा, गरोदरपणात डोस बहुतेक वाढवावा लागतो.