सोयावडी आणि काबुली चण्यांचा घट्ट रस्सा

इंदूर

चि. यास अनेक आशीर्वाद,

जिममधल्या मुलांनी सांगितलेल्या ‘स्ट्यू’साठी, म्हणजे आपल्या घट्ट रश्श्यासाठी, वेगळं काहीच आणू नकोस. सियागंजच्या किराणा बाजारात सगळं सुटं मिळतं. तिघांपुरतं घे: काबुली चणे १०० ग्रॅम, मसूर डाळ ५० ग्रॅम, बारीक सोयावडी ५० ग्रॅम, दाण्याचा कूट २५ ग्रॅम. यात मिळून साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं होतात, म्हणजे माणशी एकवीसच्या आसपास. वडी कोरडी असताना निम्मं वजन प्रथिनांचंच असतं, म्हणून थोडीच पुरते.

चणे रात्री लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजव. मिठाने ते कडक होतात असं घरोघरी सांगतात, पण उलट सालं मऊ पडतात. मे महिन्यात भांडं ओट्यावर ठेवू नकोस, सकाळपर्यंत फेस येऊन आंबूस वास येतो, फ्रिजमध्ये ठेव. सकाळी ते पाणी टाकून दे. तीन वाट्या ताजं पाणी घालून मोठ्या आचेवर चार शिट्ट्या, मग आच मंद करून दहा मिनिटं. वाफ आपोआप जिरू दे. दाणा बोटांनी सहज चिरडला तरच मसूर घाल आणि आणखी एक शिट्टी काढ. कुकर कधीही अर्ध्याहून जास्त भरू नकोस, डाळीचा फेस शिट्टीत अडकतो.

चणे शिजतच नसतील तर दोन कारणं बघ: माल जुना, किंवा पाणी बोरिंगचं. जड पाण्यातल्या कॅल्शियमने साल आवळून बसते. नर्मदेच्या नळाचं पाणी वापर, नाहीतर भिजवतानाच चिमूटभर खाण्याचा सोडा टाक. टोमॅटो मात्र कुकरमध्ये अजिबात नको. आंबटाने शिजणं अडतं.

खरी मेहनत वडीची आहे. खारट पाण्यात पाच मिनिटं उकळ, गार पाण्यात टाक, मुठीत घट्ट पीळ. पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवून पीळ. कच्चट वास या पाण्याबरोबर जातो. न पिळलेली वडी आधीच पाण्याने भरलेली असते, मग ती रस्सा कुठून शोषणार? चावली की फुळकवणी लागते.

कढईत तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग. दोन कांदे चांगले तांबूस होईपर्यंत परत. इथे घाई केलीस तर रस्सा गोडसर आणि पांचट होतो. मग चमचाभर आलं-लसूण, हळद, दीड चमचा तिखट, दोन चमचे धणेपूड, आणि वडी. कडा तांबूस झाल्या की दोन टोमॅटो चिरून घाल. तेल सुटलं की कुकरमधलं सगळं ओत, चमचाभर गोडा मसाला आणि मीठ घाल, मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळ. कूट शेवटच्या पाच मिनिटांत. आधी घातलास तर तळाला धरतो.

चण्यांऐवजी राजमा घेतलास तर भिजवल्यावर कुकरमध्ये नीट शिजव. अर्धकच्चा राजमा पोट बिघडवतो, हे थट्टेवारी नेऊ नकोस.

रस्सा फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, पण गोळा होतो. गरम करताना उकळतं पाणी घाल. वरून जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा तो खारट इंदुरी मसाला, भुरभुरायचा मोह होईलच. भुरभुर, पण मग मीठ आधी कमी ठेव.

तुझा,
काका