बाल कल्याण समितीवर जायचंय

प्रश्न : मी नाशिक रोडला राहते. बी.एड. आहे, २४ वर्षं शिकवून निवृत्त झाले. बाल कल्याण समितीच्या सदस्यपदासाठी अर्ज करावा म्हणते. मुलगा म्हणतो, वकिलांनाच घेतात. एका बालगृहाच्या संस्थेवर मी विश्वस्त आहे, त्याचा उपयोग होईल ना? प्रशिक्षण मिळतं का?

उत्तर : ताई, निराधार आणि संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या या समितीवर वकीलच हवा असं मुळीच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २७ मध्ये कायद्याबरोबर समाजकार्य, मानसशास्त्र, शिक्षण अशा पदव्याही आहेत. सोबत मुलांच्या कामाचा ७ वर्षांचा अनुभव लागतो. तुमचं बी.एड. चालेल, शाळेतली वर्षंही धरली जातील.

अडचण आहे ती विश्वस्तपदाची. २०२१ च्या दुरुस्तीनुसार जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती सदस्य होऊ शकत नाही. मला हे पटतं. मूल कुठल्या बालगृहात ठेवायचं हे समितीच ठरवते. तिथे आपल्याच संस्थेचं माणूस कसं बसवायचं? आधी राजीनामा द्या, धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचा अर्ज (बदल अर्ज) दाखल करा आणि मगच फॉर्म भरा.

वेळेचंही बघा. महिन्यात किमान २० दिवस बैठक असते आणि वर्षातल्या तीन-चतुर्थांश बैठकांना हजर राहिलं नाही तर पद जातं. घरी नातवंडं सांभाळत असाल तर आधी सुनेशी बोला.

प्रशिक्षण मिळतं. समितीची अधिसूचना निघाल्यापासून २ महिन्यांत ते द्यायचं असं कायदाच सांगतो. मी अशाच एका समितीवर ३ वर्षं होते, पण काम आधी सुरू झालं आणि प्रशिक्षण नंतर. पहिल्याच आठवड्यात घरकामाला ठेवलेली एक मुलगी आणली होती. कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी. टेबलापलीकडून आम्ही चौघं एकदम विचारत होतो, ती पंख्याकडे बघत राहिली. वय कळेना, म्हणून मी हाडांच्या तपासणीला पाठवलं. दिवसभर दवाखान्यात उपाशी बसली पोर. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला बघायचा, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच तपासणी, हे मला प्रशिक्षणात कळलं. तिचा दाखला आश्रमशाळेत होता, एका फोनवर मिळाला असता. त्याची रुखरुख अजून आहे.

म्हणून निवड झाली की प्रशिक्षणाच्या तारखेसाठी लेखी पत्र द्या, आणि कलम ९४ त्याआधीच वाचून ठेवा.