सहीचं कुणी विचारलं होतं?

वसईतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. अनेक वर्षं चर्चची पायरी चढले नव्हते. आई गेल्यावर पुन्हा मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊ लागले. लिहितात, "दर महिन्याला पापनिवेदन करतो. दोन आठवडे बरे जातात, मग पुन्हा पिणं, पुन्हा घरात आरडाओरडा. फादरांसमोर तेच तेच सांगायची लाज वाटते. देवाला माझा वीट आला असेल का? आईच्या वर्षाच्या मिस्साला बहीण आली, मागच्या बाकावर बसली आणि घरी न येताच गेली. वाडी विकली तेव्हाच तिची सही घेतली होती, त्यामुळे तिथं काही बाकी नाही."

देवाला वीट आलेला नाही. सात वेळा क्षमा करू का, असं शिष्य पेत्राने विचारलं तेव्हा येशूने सातांच्या सत्तर वेळा सांगितलं. पुन्हा पडलात तर पुन्हा जा. दारूसाठी मात्र डॉक्टरही गाठा आणि एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, बैठकीत जाऊन बसा, कारण तो आजारही आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं संपलं.

मी अडकले ती शेवटच्या ओळीत. दारू आणि संतापाच्या पत्रात सही आली कुठून? सहीचं तुम्हाला कुणी विचारलं होतं? आणि सही घेतली हे लिहिलंत, पण तिला किती दिले ते लिहिलं नाहीत.

अशा सह्या आपल्याकडे कशा होतात ते मी पाहिलंय. बहिणीला सासरहून बोलावून घेतात. हक्कसोडपत्र तयारच असतं. ओटीवरून कुणीतरी म्हणतं, भावाशी वाईटपणा कशाला? ती सही करते, चहा अर्धा टाकून निघते, आणि बावखलासकट, म्हणजे आतल्या तळ्यासकट, वाडी बिल्डरच्या नावावर होते. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे आणि ख्रिस्ती घरात मुलगा-मुलगीला तो सारखाच वाटा देतो. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर सही लागली.

सब-रजिस्ट्रारकडे ते प्रकरण मिटलं असेल. पापनिवेदनात ते कधी काढलंत का? ज्याचं घेतलं त्याचं त्याला परत करा, हे चर्चचं साधं शिकवणं आहे. येशू जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी गेला, तेव्हा जक्कय लोकांचं लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघाला. आणि वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचं मन दुखावलेलं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जा, हेही येशूनेच सांगितलंय. त्या दिवशी तुमची बहीण त्याच वेदीसमोर, तुमच्या मागे बसली होती हो!

तेव्हा येत्या रविवारी मिस्सा संपला की तिच्या घरी जा. न पिता. वाडी कितीला गेली आणि त्यात तिचा वाटा किती, हे कागदावर लिहून न्या. बायकोला आधी सांगा, कारण पैसे तिच्याही घरातून जाणार. आधी माफी मागा, आकडा नंतर काढा. "सही तर तूच केलीस" हे तोंडातून निघता कामा नये. रक्कम खर्च झाली असेल तर हप्ते ठरवा, तारखेसकट लिहून द्या. याने दारू सुटेल असं मी म्हणत नाही. दारू सुटायची वाट पाहत हे लांबवू मात्र नका. ती चार शब्द सुनावेल, कदाचित दारातूनच. ऐकून घ्या, आणि पहिला हप्ता ठरल्या तारखेला पोचवा.