जीआरईचे शब्द पाठ होतात पण टिकत नाहीत, काय करू?

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एमएससाठी अमेरिकेला जायचंय, म्हणून जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा देतेय. रोज यादी पाठ करते पण सराव पेपरात तोच शब्द आला की डोकं ब्लँक होतं. – एक वाचक, सांगली

उत्तर: अगं, यादी आधी बाजूला ठेव. सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न जीआरईने २०११ सालीच काढून टाकलेत, आता सगळं वाक्यातच येतं, आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारच्या प्रश्नात तर गाळलेल्या जागेसाठी सहा पर्यायांतले दोन असे निवडायचे की वाक्याचा अर्थ सारखाच राहील, त्यातला एक जरी चुकला तरी मार्क मिळत नाही. म्हणून शब्द जोडीनेच लिही. लॅकॉनिक आणि टर्स म्हणजे मोजकं बोलणारे, गॅर्युलस आणि लोक्वेशस म्हणजे बडबडे, आणि खाली ओळखीच्या माणसावर स्वतःचं एक वाक्य, मामा बडबडे असतील तर मामांवर लिही. आज लिहिलेलं उद्या बघ, मग चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, अर्थ झाकून. सोप्या शब्दांकडे तर जास्त लक्ष दे, कारण क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं एवढंच आपल्याला माहीत असतं पण तिथे तो विधानाला मर्यादा घालणं या अर्थानेही येतो. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या साइटवर पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव टेस्ट फुकट आहेत, त्या आत्ताच उडवू नकोस, शेवटच्या महिन्याला ठेव.